वजावट

गवतावर हिंव, गाड्यांचे दिवे अजून पेटलेले.
झेन्सव्हिलच्या बाहेर, जिथे पूर्वी लोक गाडीत बसून सिनेमे बघत,
त्या मैदानात, कोऱ्या पडद्याखाली आम्ही टेबलं मांडतो.
मी लायल हॉस्टेटर. आठवडाभर नळ दुरुस्त करतो,
रविवारी जुन्या अंतराळवीरांचा भाव सांगतो.

आधी सांधे बघायचे: उभा राहतो की लोळतो.
मग नाकाच्या शेंड्यावरचा रंग. तो सगळ्यांत आधी जातो;
नाक सांभाळणं चार इंची माणसालाही जमत नाही.
पाय उलटा करून मांडीमागचं साल वाचायचं.
पांढरं प्लास्टिक किती पिवळलं, ते सावलीत जोखायचं.
आणि शेवटी बंदूक, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी,
पाण्याच्या ग्लासात सोडायची.
खरी तरंगते.
परवा कुणाच्या तरी तळघरात ओतलेली बुडते.
डेलबर्ट म्हणायचा, या धंद्यात एवढंच काय ते बरं,
बाकी जगात उलटं.

सातच्या सुमारास विनोना ग्रब आल्या,
हातात आइस्क्रीमची रिकामी बादली. म्हणजे रिकामी नव्हे.
"सगळे मिळून वीस डॉलर. तळघर मोकळं करायचंय."

मी बोटांनी चाळत गेलो.
तीन यंत्रमानव, एक बिनडोक्याचा,
मेणखडूचे तुकडे, मेलेली माशी,
आणि तळाशी सेनापती ड्रुव्हाक,
शनीच्या कड्यांचा रखवालदार,
कापडी झगा शाबूत, बंदूक झग्यात अडकलेली.

विसाची नोट खिशातच होती.
नोट काढायला असा कितीसा वेळ लागतो?
मी खोकलो.
शेजारच्या टेबलावरच्या ऑर्व्हिलने मान वर केली.
त्यालाही झगा दिसला होता.
प्रामाणिकपणा कधी कधी एवढाच असतो:
शेजाऱ्याची मान.

"बाई," मी म्हणालो, "हा एकटाच चारशेचा.
पण डावा पंजा चावलेला आहे. बोटं गेलीत, वर चार खोल खड्डे.
म्हणून एकशे साठ."

त्यांनी चष्मा लावला, हात उजेडाकडे धरला.
"ड्वेनचे दात," त्या म्हणाल्या.
"सगळं चावायचा. खिडकीची चौकट, शाळेची पेन्सिल,
एकदा पाद्रीबाबांचं बोट.
आता टोलीडोला दंतवैद्य आहे.
लोकांना सांगतो, कडक काही चावू नका."

मग, अगदी शांतपणे:
"दातांच्या खुणांचे पैसे कापायचे नाहीत.
त्या दातांना तारा लावल्या त्या वर्षी
आम्ही छप्पर गळतं ठेवलं होतं."

माझ्या वहीत रकाने आहेत:
सांधे, रंग, झगा, हत्यार, खोका.
छप्पर कुठे लिहू?

मी एकशे ऐंशी म्हणालो. त्या दोनशे तीस.
ऑर्व्हिलने मध्येच कॉफी आणून दिली, कुणीच मागितली नव्हती.
दोनशे दहावर हात मिळाले, वर एक साखरेचा डोनट.
त्यांनी नोटा दोनदा मोजल्या,
ड्वेनला फोन करते म्हणाल्या, मग म्हणाल्या, उचलत नाही तो,
आणि जाता जाता वळल्या:
"बादली द्या परत. ती चांगली आहे."

दुपारी कोलंबसहून एक जाणता आला.
भिंग, हातमोजे, बोलणं कमी.
"हात खाल्लाय," म्हणाला. "एकशे चाळीस."
"दंतवैद्याने खाल्लाय," मी म्हणालो.
तो हसला नाही. बरोबरच होतं त्याचं.

डेलबर्ट असता तर म्हणाला असता,
लायल, तू छपराचे पैसे मोजलेस
आणि छप्पर तुझं नव्हे.

रात्री स्वयंपाकघरात, बायको झोपल्यावर,
मी ड्रुव्हाकचा पंजा तोंडाशी नेला,
माझा सुळा त्या खड्ड्यात बसतो का बघायला.
नाही बसला.
फार लहान तोंड होतं ते,
आणि केवढा घास.